आकाशवाणी आणि गावची चावडी

रेडिओ हे एकतर्फी बोलण्याचे साधन आहे, असा एक सर्वसाधारण समज आहे. ध्वनिक्षेपकाशी बसलेला बोलतो आणि दूर कोठेतरी बसलेला ऐकतो. ऐकणाऱ्याला शंका आली, राग आला, वा एखादी गोष्ट पटली नाही, तर ती सांगण्याची सोय त्या पेटीत नसते. हा समज सर्वस्वी खोटा नाही. तथापि, पुण्याच्या केंद्रावरून सुमारे सत्तर वर्षांपूर्वी एक असा प्रयोग झाला की ज्यात पेटीसमोर बसलेल्या खेडुतांनी पुण्याशी उलट संवाद केला, आपसांतही वाद घातले आणि त्या वादांतून विहिरी खणल्या. त्या प्रयोगाची दखल पुढे देशोदेशी घेतली गेली. महाराष्ट्रात मात्र तो जवळजवळ विस्मरणात गेला आहे. म्हणून आज त्याची थोडी विस्ताराने ओळख करून देणे उचित ठरेल.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी. केंद्राच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचे नाव घेतले की मराठी माणसाला 'गीतरामायण' आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. एप्रिल १९५५ मध्ये रामनवमीला सुरू झालेली ती मालिका एप्रिल १९५६ पर्यंत चालली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे स्वर घरोघर पोहोचले. परंतु त्याच मालिकेचे शेवटचे काही आठवडे चालू असताना, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, त्याच केंद्रावरून दुसरी एक मालिका प्रक्षेपित होत होती. तिला गाणे नव्हते, तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत, आणि शहरातील श्रोत्याला तिच्यात फारसे स्वारस्य असण्याचे कारणही नव्हते. ती होती शेतकरी रेडिओ मंडळांसाठी योजलेली वीस कार्यक्रमांची मालिका. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी अर्धा तास.

मूळ कल्पना कॅनडातील. तेथे १९४१ मध्ये शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे सुरू झाली. हिवाळ्यात शेते बर्फाखाली गेली की शेजारीपाजारी एका घरी जमत, नेमलेला कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्यांचे बोधवाक्य. हा उपक्रम युनेस्कोच्या नजरेत भरला आणि विकसनशील देशात तो कितपत रुजेल, हे पाहण्यासाठी भारताची व भारतात पुणे केंद्राची निवड झाली. येथे बोधवाक्यातील पहिला शब्द मात्र गळाला. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्क्यांच्या आसपास होते. तेव्हा 'वाचा' हा उपदेश करण्यात अर्थ नव्हता. उरले ते 'ऐका, चर्चा करा, कृती करा'. वरवर पाहता ही काटछाट वाटते. परंतु त्यामुळेच या प्रयोगाचे दार निरक्षरालाही उघडे राहिले.

त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा (म्हणजे आजचा सातारा) आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे यासाठी घेण्यात आले. ते सारे मराठी भाषक, आणि पुण्याचे प्रक्षेपण जेथे पोहोचू शकेल असे. दीडशेच्या जवळपास गावे निवडण्यात आली. बहुतेक गावांत वीज नव्हती, त्यामुळे रेडिओ संच बॅटरीवर चालवावे लागत. ते वर्ष किती धामधुमीचे होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मुंबईत गोळीबार झाला होता, भाषावार राज्यांचा वाद टिपेला पोहोचला होता. अशा वातावरणात सरकारी नभोवाणीवरून आलेल्या शब्दावर खेडुताने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा सोपी नव्हती.

प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे मंडळ. त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. सायंकाळी गावकरी चावडीत, शाळेत वा देवळाच्या ओवरीत जमत. कार्यक्रम कधी भाषणाच्या स्वरूपात असे, कधी संवादाच्या, तर कधी छोट्या नाटिकेच्या. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, सहकाराचे, गावकारभाराचे. अर्धा तास संपला की संच बंद करावयाचा आणि चर्चेला बसावयाचे. या प्रयोगाचे सारे मर्म या संच बंद करण्यात होते, असे म्हटले तरी चालेल. चर्चेत काय बोलणे झाले, काय ठरले, कोणत्या शंका राहिल्या, हे निमंत्रकाने लिहून काढावयाचे आणि पुण्याला धाडावयाचे. गावोगावचे हे अहवाल व प्रश्न केंद्राकडे येत, आणि निवडक प्रश्नांना पुढील कार्यक्रमातून उत्तरे मिळत. ज्या गावाने प्रश्न पाठविला असेल त्या गावाला आपल्या गावाचे नाव पेटीतून ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. जिल्ह्याजिल्ह्यात संघटक नेमलेले होते. ते गावोगाव हिंडत, बंद पडलेल्या संचांची दाद घेत, रेंगाळलेल्या मंडळांना जागे करीत.

आता हा प्रयोग कोणाच्या मनातून उतरला आणि कोणी तपासला, हेही पाहण्यासारखे आहे. आकाशवाणीचे महासंचालक त्या वेळी जगदीशचंद्र माथुर होते. ते सनदी अधिकारी खरे, पण त्याहून अधिक 'कोणार्क'सारखे नाटक लिहिणारे हिंदी नाटककार. संवाद म्हणजे काय, हे त्यांना शासकीय टिपणीतून शिकावे लागले नसावे. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले आणि तेथे पाहुणे प्राध्यापक म्हणून आलेले पॉल नॉयराथ यांनी ते केले. नॉयराथ मूळचे व्हिएन्नाचे. त्यांचे वडील ओटो नॉयराथ यांनी अशिक्षितालाही समजावी म्हणून आकडेवारी चित्रांतून मांडण्याची पद्धत विकसित केली होती. मुलाच्या वाट्याला मात्र १९३८ मध्ये डाखाउ आणि बूखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्या आल्या. तेथून सुटून तो अमेरिकेत गेला, समाजशास्त्रज्ञ झाला, आणि अखेर महाराष्ट्रातल्या चावड्यांवर माणसे मोकळेपणाने काय बोलतात, याची नोंद घेण्यास आला. वडिलांनी डोळ्यांची वाट धरली, मुलाने कानांची.

नॉयराथ यांची पद्धत साधी आणि चोख होती. ज्या गावांत मंडळे होती ती, ज्या गावांत केवळ रेडिओ होता पण मंडळ नव्हते ती, आणि ज्या गावांत दोन्ही नव्हते ती, अशा तिन्ही प्रकारची गावे त्यांनी पाहिली. मालिकेपूर्वी आणि मालिकेनंतर त्याच विषयांवर प्रश्न विचारले. निष्कर्ष असा निघाला की, मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय वाढ झाली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तेथे ती अगदीच किरकोळ. म्हणजे पेटी एकच, आवाज एकच, वेळ एकच; फरक फक्त एवढाच की एके ठिकाणी ऐकल्यानंतर माणसे एकमेकांशी बोलली आणि दुसरीकडे उठून गेली. निरक्षर सभासदांनीही या चर्चांतून भरपूर लाभ घेतला. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना विचार येत नाही, असे मानणाऱ्या शहरी पंडितांना यातून काही शिकता आले असते.

कृतीच्या बाबतीत तर मंडळांनी अपेक्षेपेक्षा अधिक केले. कोठे गुरांना रोगप्रतिबंधक लस टोचून घेतली गेली. कोठे विहिरी खणण्यात आल्या. जातिवंत वळू आणले गेले, लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या. एखाद्या गावी विक्री संघ निघाला, एखाद्या गावी बालवाडी सुरू झाली. लेगहॉर्न हे नाव त्या काळी खेड्यात किती नवे होते! इटलीतील एका बंदराच्या नावाने ओळखली जाणारी पांढरी कोंबडी कोल्हापूरच्या वा नगरच्या परड्यात येऊन पोहोचते, आणि तिच्याविषयीचा वाद आधी चावडीवर होतो. व्यापक जग आणि गावचा उंबरठा यांची गाठ पडते ती अशी.

तरीही या प्रयोगाचे केवळ गुणगान करणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे ही मंडळे बव्हंशी पुरुषांची होती. सायंकाळची वेळ ही स्वयंपाकाची, पाण्याची, गुरांच्या धारांची. बालवाडी काढावी की नाही, हे जिच्या मुलाला तेथे जावयाचे ती चुलीपाशी असताना ठरले. विहीर खणली गेली, पण पाणी शेंदणारीचे मत कोणी नोंदविले नाही. दुसरे असे की, 'शेतकरी मंडळ' या नावातच ज्याच्याकडे शेत आहे त्याला अग्रमान मिळाला होता. भूमिहीन मजुराने, गावकुसाबाहेरच्या माणसाने पाटलाच्या शेजारी बसून त्याचे म्हणणे खोडून काढावे, एवढी मोकळीक चावडीला केवळ रेडिओ आणून ठेवल्याने येत नाही. आणि मालिका होती सगळी दहा आठवड्यांची. दहा आठवड्यांचा उत्साह आणि दहा वर्षांची सवय यांत अंतर असते.

हे अंतर पुढे प्रत्ययास आलेच. पुण्याचे यश पाहून १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या भराभर वाढली, पण संघटकांची वाढली नाही. संच नादुरुस्त झाला तर तो कोणी दुरुस्त करावयाचा, अहवाल आला तर त्याला उत्तर कोणी द्यावयाचे, याची निश्चिती राहिली नाही. प्रश्न पाठवून उत्तर न आल्यास माणूस दुसरा प्रश्न पाठवीत नाही. कित्येक मंडळे हळूहळू कागदावर उरली. गंमत अशी की, त्याच सुमारास परदेशांत मात्र पुण्याच्या अनुभवाचा अभ्यास चालला होता. आफ्रिकेतील घाना देशाने १९६४-६५ मध्ये आपल्या खेड्यांत अशीच मंडळे करून पाहिली.

मंडळे मोडण्यास आणखी एक कारण घडले आणि ते दोषास्पद म्हणता येणार नाही. ते म्हणजे ट्रान्झिस्टर. साठीच्या दशकात रेडिओ चावडीतून उठला आणि शेतकऱ्याच्या खांद्यावर, बैलगाडीच्या जुवावर, मळ्यातल्या झाडाच्या फांदीवर जाऊन बसला. ज्याला त्याला आपला रेडिओ मिळाला, हा मोठाच लाभ झाला. १९६६ नंतर अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांचा प्रसार करण्यासाठी आकाशवाणीने शेती व गृहविभाग उघडले. तंजावरकडील शेतकऱ्यांनी तर रेडिओवरून ऐकून लावलेल्या नव्या भाताचे नावच 'रेडिओ भात' ठेवले. पण ऐकणे एकट्याचे झाले. नॉयराथ यांच्या कसोटीने पाहावयाचे तर, रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावेच सर्वत्र झाली.

पुणे केंद्राने मात्र ग्रामीण श्रोत्याशी नाते राखले, हे नमूद केले पाहिजे. 'बनगरवाडी'चे लेखक व्यंकटेश माडगूळकर यांनी दीर्घकाळ या केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहिले. माणदेशच्या मातीतला माणूस कसा बोलतो, कोठे थांबतो आणि कशाविषयी मुळीच बोलत नाही, हे जाणणारा लेखक तेथे बसला होता, ही केंद्राची मोठी पुण्याई. पुढे अहमदनगर, सातारा, नाशिक, कोल्हापूर येथेही आकाशवाणीची केंद्रे झाली. १९५६ मध्ये जे चार जिल्हे पुण्याचे ऐकत होते, त्यांना आपापला आवाज मिळाला.

त्यानंतरची महत्त्वाची घटना स्टुडिओत वा चावडीत नव्हे, न्यायालयात घडली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. आकाशातील लहरी सरकारच्या नव्हेत आणि धनिकाच्याही नव्हेत, त्या लोकांच्या आहेत, हे तत्त्व मान्य झाल्यावर लोकांना त्या वापरू देणे क्रमप्राप्त होते. ते घडण्यास काही वर्षे गेलीच. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ मध्ये सुरू झाली. अशा केंद्रांच्या प्रक्षेपकाची शक्ती अल्प, टप्पा काही किलोमीटरांचा. दहा-बारा मैलांपलीकडच्या माणसाला ती ऐकू येत नाहीत. ही त्यांची उणीव मानली जाते. वास्तविक तेच त्यांचे सामर्थ्य होय. ज्याचा आवाज ऐकला त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात गाठता येते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेली 'माणदेशी तरंग वाहिनी' या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. माण तालुका हा कायमचा अवर्षणप्रवण. चेतना सिन्हा यांनी तेथे स्त्रियांची बँक उभी केली आणि तिच्या मागोमाग माणदेशी फाउंडेशनचा रेडिओ आला. हा तोच जिल्हा, जो १९५६ मध्ये उत्तर सातारा म्हणून प्रयोगात होता. तेव्हा जी चुलीपाशी होती, तिची नात आता ध्वनिक्षेपकासमोर बसते. बचत, कर्ज, चारा, मुलींचे शिक्षण, सासर-माहेरच्या ओव्या, सगळे एकाच वाहिनीवर. पाणी हा तेथे शेतीचा विषय आहे, घराचा आहे आणि मुलीच्या शाळेचाही आहे. कारण हंडा आणावयास जाणारी तीच. सरकारी कार्यक्रमपत्रिकेत हे तीन स्वतंत्र विभाग असतात. बोलणाऱ्या बाईच्या तोंडी ते एका वाक्यात येतात.

मोठ्या केंद्रांनाही आपले स्थानिकपण जपावे लागते, याची प्रचिती पुण्यास जून २०२३ मध्ये आली. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा शहरात तीव्र नाराजी उमटली. सर्व पक्षांच्या लोकांनी, लेखकांनी, सामान्य श्रोत्यांनी विरोध केला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. हाती मोबाइल असलेल्या शहराला सकाळच्या दहा मिनिटांच्या मराठी बातम्यांचे एवढे काय पडले होते, असा प्रश्न काहींनी विचारला. परंतु बातमी कोठूनही मिळू शकते; आपल्या धरणात किती पाणी आहे याची चिंता मात्र जो तेच पाणी पितो त्यालाच अधिक असते. खडकवासल्याचा विसर्ग वाढला की सिंहगड रस्त्याच्या नदीकाठी काय होते, हे ठाऊक असलेला वार्ताहर त्याच शहरात असावा, ही अपेक्षा हट्टाची म्हणता येईल काय?

सामुदायिक रेडिओची अडचण याच्या नेमकी उलट आहे. तो लोकांच्या अगदी निकट असतो, परंतु २००६ च्या धोरणानुसार त्याला बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम वर्ज्य करण्यात आले. त्याच्या पदरी जाहिरातीही प्रारंभी तासाला पाच मिनिटांच्याच. पैशाची ओढाताण कशीबशी निभावता येते. विषयांची ओढाताण अधिक कठीण. चावडीवरच्या चर्चेला असे कप्पे नसतात. विहीर खणण्याचा विषय निघाला की जागा कोणाची, पैसे कोणाचे आणि पाणी पहिल्यांदा कोण भरणार, हे प्रश्न आपोआप निघतात, आणि त्यांतला एकही राजकारणावाचूनचा नाही. १९५६ च्या मंडळांनी ते प्रश्न पुण्याला लिहून पाठविले होते. आज वस्तीतल्या छोट्या केंद्राला उद्या पाणी किती वाजता येईल, एवढे सहज सांगता येते. ते गेला आठवडाभर का आले नाही, हा प्रश्न श्रोत्याने विचारला तर तो माहितीत बसवावयाचा की चालू घडामोडीत, हे ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या मुलीला त्याच क्षणी ठरवावे लागते.